भोळी नव्हती वासंती

वासंती गेल्याची बातमी मला तिच्या घरून कळली नाही. मोबाईलवर कळली. आमच्या कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी कोणीतरी तिचा फोटो टाकला होता. भोवती फुलांची चौकट आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की एक अत्यंत इनोसंट जीव आज आपल्यातून निघून गेला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी तो शब्द वाचला आणि... खरं सांगते, रडू यायच्या आधी संताप आला. मग तिच्या पुतण्याचा, प्रसादचा फोन आला. "विजयामावशी, आत्या गेली. पहाटे झोपेतच." मी "येते" म्हटलं, चप्पल घातली आणि रिक्षात बसले. नंदाखालला, तिच्या गावी, पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात तोच शब्द घुमत होता. मी मनातल्या मनात वासंतीला सांगत होते, बघ, तू आयुष्यभर ज्या शब्दाशी भांडलीस, तोच शब्द हार करून तुझ्या गळ्यात घातलाय यांनी.

याला आता काही आठवडे झाले. राग उतरला की लिहू असं ठरवलं होतं. तो उतरत नाही, म्हणून तसंच लिहिते आहे.

वासंती म्हात्रे आणि मी, आम्ही दोघींनी नालासोपारा पूर्वेला आचोळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात नोकरीची सगळी वर्षं काढली. ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी. ती नंदाखालची, बागायतदाराच्या घरची. वडिलांची केळीची आणि नारळाची वाडी होती, शेंडेफळ म्हणून ती लाडाची होती आणि तरीही शाळेत जायच्या आधी वाडीतल्या पाटाचं पाणी वळवायचं काम तिच्याकडे असे. घरात बोलायची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी आणि त्यावर पुन्हा इंग्रजी. त्यामुळेच असेल, शब्द तिला कधी आयते वाटले नाहीत. भाजी घेताना आपण वांगं फिरवून बघतो तसा ती शब्द फिरवून बघायची. कुठे किडका तर नाही ना...

आमची मैत्री झाली तीही शब्दावरूनच. मी नोकरीला नवी होते. स्टाफरूममध्ये ती समोर येऊन बसली आणि ओळखपाळख नसताना म्हणाली, "तुम्ही मराठीच्या ना? निरागस आणि भाबडा यांत फरक काय हो?" मी जरा विचार करून म्हटलं, "निरागस लहान मूल असतं. भाबडा मोठा माणूस असतो." "आणि भोळा?" "भोळा शंकर असतो." ती खळखळून हसली. मग म्हणाली, "पण शंकराला कोणी फसवलं तर आपण शंकराला हसत नाही, फसवणाऱ्याला घाबरतो. माणूस फसला की माणसालाच हसतो. इंग्रजीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि आपली पोरं सगळीकडे इनोसंटच लिहितात." त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अगं-तुगं करू लागलो.

मुलं खरोखरच सगळीकडे इनोसंट लिहायची. मुली तर नोकरीच्या अर्जातही लिहायच्या, मी एक इनोसंट मुलगी आहे. त्यांना म्हणायचं असे, मी चांगल्या घरची आहे, वाकड्या वाटेला जाणारी नाही. वासंती त्यांना हसली नाही कधी. ती फळ्यावर खाजण काढायची. आमच्याकडच्या मुलांना खाजण सांगावं लागत नाही, भरतीचं पाणी येतं-जातं ती चिखलाची दलदल. ती म्हणायची, "समजा, चार माणसं खाजणात फसली. एकाला भरती-ओहोटीची माहितीच नव्हती, तो इनएक्सपीरियन्स्ड. दुसऱ्याला लोकांनी सांगितलं होतं, जाऊ नको, तरी त्याला वाटलं आपल्याला काय होतंय, तो नाईव्ह. तिसऱ्याला कोणीतरी म्हणालं, इथून पलीकडे रस्ता आहे, आणि त्याने न विचारता ते खरं मानलं, तो गलिबल. आणि चौथ्याला मागून ढकललं, तो इनोसंट. चौघेही चिखलातच आहेत, दिसायला सारखेच. पण बाहेर काढल्यावर प्रत्येकाच्या बाबतीत वेगळ्या माणसाला जाब विचारावा लागतो." मागच्या बाकावरचा कोणीतरी हटकून विचारायचा, "मॅडम, आधी बाहेर कोणाला काढायचं?" ती म्हणायची, "जो जवळ असेल त्याला. शब्द नंतर."

तिने लग्न केलं नाही. त्यावरही लोक बोलले, अजून बोलतात. पण ते जमत आलेलं होतं आणि मोडलं कसं ते मला तिनेच सांगितलं होतं. वसईतलं चांगलं घर होतं, मुलगा बँकेत. मुलाबरोबर बघायला आलेल्या त्याच्या काकांनी चहा पिता पिता कौतुकाने म्हटलं, "आम्हाला अशीच मुलगी हवी होती. शिकलेली, तरी अगदी इनोसंट." वासंतीने शांतपणे विचारलं, "इनोसंट म्हणजे काका, गुन्हा न केलेली, की जग न पाहिलेली?" काकांना वाटलं, मुलगी चेष्टा करते आहे. ते म्हणाले, "दोन्ही." ती म्हणाली, "पहिलं खरं आहे. दुसरं खरं नाही, मी रोज नालासोपाऱ्याला जाऊन-येऊन नोकरी करते." दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी फार बोलते. तिचे वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिला वडिलांचं वाईट वाटलं, काकांचं नाही. "विजया, त्यांना बायको नको होती गं," ती म्हणाली, "कोरी पाटी हवी होती. त्यावर काय लिहायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं."

मी हे सगळं सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की ज्या बाईला स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत हा शब्द खुपला, तिला पुढे काय घडणार आहे याचा अंदाज नव्हता असं कोणी म्हणू नये. तिला होता.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना तिने कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी एका वर्गखोलीत इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. फी नव्हती. आमच्या भागात नर्सिंगचे सहा-सहा महिन्यांचे कोर्स काढणाऱ्या दुकानांचं तेव्हा पेव फुटलं होतं. दहावी-बारावी झालेल्या मुली ते कोर्स करायच्या आणि लगेच कुठल्या ना कुठल्या खाजगी हॉस्पिटलात पांढरे कपडे घालून उभ्या राहायच्या. त्यांना औषधांची नावं वाचता यायची नाहीत. वासंती त्यांना ती वाचायला शिकवायची. त्यांतच जागृती होती. कोळीवाड्यातली, आई आगाशीच्या बाजारात मासे विकायची, वडील नव्हते. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी मुलगी. वर्गात बसली की एकटक फळ्याकडे बघत राहायची.

जागृतीला कॉलेजपासून जवळच्याच एका हॉस्पिटलात काम मिळालं. त्या हॉस्पिटलाचे मालक डॉक्टर आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते. मी त्यांचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की गोष्ट एका माणसाची होते आणि बाकीचे सुटतात.

एका दुपारी त्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर जागृती एकटी होती. शिकलेली नर्स एकच, ती खाली ऑपरेशनमध्ये गुंतलेली. एका वयस्कर पेशंटला इंजेक्शन द्यायचं होतं. ते आजोबा म्हणाले, "बाळ, हे मला सोसत नाही, मागे अंगावर उठलं होतं." जागृतीने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कुठल्यातरी गडबडीत ऐकलं आणि म्हणाले, "दे, काही होत नाही." तिने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर तू आहेस की मी?" तिने इंजेक्शन दिलं. आजोबांचा श्वास अडकला. ती जिन्यावरून ओरडत खाली धावली, नर्स वर आली, पण फार उशीर झाला होता... संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलसमोर माणसं जमली, काचा फुटल्या, पोलीस आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि वासंती स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. दारात जागृती आणि तिची आई उभ्या. आईच्या हातात इंग्रजीत टाईप केलेला कागद. "मॅडम," ती म्हणाली, "यावर सही कर म्हनतात पोरीला. मला वाचाया येत नाय, तिला निम्मंच येतं. पोर माजी साधी हाय, पन खोटी नाय. तुमी वाचा आनि सांगा, करू का सही."

वासंतीने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग आम्हा तिघींना मराठीत सांगितलं. जागृतीच्या तोंडी लिहिलेला तो खुलासा होता. त्यात असं होतं, की मी नाईव्ह असल्यामुळे मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं नाही, मी माझ्याच समजुतीने इंजेक्शन दिलं, याबद्दल मला खेद आहे आणि हॉस्पिटलने मला नेहमीच चांगली वागणूक दिली आहे. फोनचा उल्लेख कुठेच नव्हता. वासंतीने जागृतीला विचारलं, "फोन केला होतास ना?" तिने मान हलवली. "किती वेळा विचारलंस त्यांना?" "दोनदा." वासंती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. विजया, तूही चल."

डॉक्टर आम्हाला बघून उभे राहिले, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. तो माणूस उर्मट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, मी या मुलीला वाचवतो आहे. निष्काळजी असं लिहिलेलं नाही मी. नाईव्ह लिहिलंय. फार सौम्य शब्द आहे. वाचणाऱ्याला वाटेल, बिचारी लहान आहे, कळलं नाही तिला. एका शब्दाने मुलगी सुटेल."

वासंती म्हणाली, "नाईव्ह म्हणजे जिला कळायला हवं होतं आणि कळलं नाही ती. हिला कळलं होतं. म्हणून तर हिने तुम्हाला दोनदा विचारलं."

"मग काय लिहू? इनोसंट लिहू?"

"ते कोर्ट ठरवेल. तुम्ही इनएक्सपीरियन्स्ड लिहा. अननुभवी. तेवढंच खरं आहे आणि ते तुम्हालाही माहीत आहे."

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "तो शब्द नाही लिहिता येणार मॅडम."

"का?"

"कारण मग विचारतील ना, अननुभवी मुलीला वॉर्डात एकटीला कोणी ठेवलं." हे ते अगदी सहज बोलून गेले. चुकून नव्हे. आपण सगळी समजूतदार माणसं आहोत, आपल्याला व्यवहार कळतो, या भावनेने बोलले. मला अजून तो आवाज ऐकू येतो. त्यांना त्या दोन शब्दांमधला फरक वासंतीइतकाच नीट कळत होता. इंग्रजी त्यांचं उत्तम होतं. त्यांनी नाईव्ह हा शब्द अज्ञानाने निवडला नव्हता, तावून-सुलाखून निवडला होता... दोष मुलीच्या अंगावर राहील आणि आपण दयाळू दिसू, असा शब्द.

वासंतीने तो कागद घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवला. "ही सही करणार नाही," ती म्हणाली. "तिचा खुलासा ती स्वतः देईल."

जागृतीची आई तेवढा वेळ दाराशी उभी होती, तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "सायब, फोन केला व्हता ते का नाय लिवलं?" डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते वासंतीला म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. यात पडू नका. तुम्हाला या गोष्टींचा अनुभव नाही." वासंती म्हणाली, "नाही ना. मग तुम्ही मला अननुभवी म्हणू शकता. मी सही करते त्यावर."

त्या संध्याकाळी आम्ही जागृतीचा खुलासा लिहिला. मला वाटलं होतं वासंती इंग्रजीत लिहील, असा लिहील की समोरच्याने तोंडात बोट घालावं. ती म्हणाली, "इंग्रजीत कशाला? घडलं मराठीत, ती सांगते मराठीत. तू लिही विजया. तिचा एकही शब्द सुधारू नकोस." मी लिहीत गेले. मास्तरकी हात तो, मी एका ठिकाणी 'विचारणा केली' असं लिहिलं, तर वासंतीने ते खोडायला लावलं. "विचारलं, असं म्हणाली ती." तो कागद घेऊन आम्ही चौघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने वाचून मान वर केली आणि म्हणाला, "हे तर साधं आहे." वासंती म्हणाली, "हो. साधंच आहे."

आता काय झालं ते सांगते, आणि इथेच माझं रक्त तापतं. त्या डॉक्टरांना काहीही झालं नाही. चौकशी झाली, वसईच्या कोर्टात तारखा पडल्या, जागृती आणि वासंती प्रत्येक तारखेला एस.टी.ने गेल्या. मग पेशंटच्या घरच्यांशी हॉस्पिटलने परस्पर मिटवलं आणि प्रकरण विझलं. जागृतीवर काही आलं नाही, कारण त्या खुलाशातल्या फोनची नोंद निघाली. एवढाच काय तो न्याय. पण आमच्या भागातल्या एकाही हॉस्पिटलने तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. आणि कॉलेजने, आमच्या त्याच कॉलेजने, संध्याकाळच्या वर्गाची खोली बंद केली. दुरुस्तीचं काम आहे म्हणाले. ती दुरुस्ती वासंती निवृत्त होईपर्यंत चालू होती, एक वीटही हलली नव्हती. निवृत्तीच्या वेळी आम्हा सगळ्यांना शाल-श्रीफळ मिळालं, तिचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला, तो ढकलतच गेला. प्राचार्य मला खासगीत म्हणाले, "म्हात्रे मॅडम चांगल्या आहेत हो, पण भोळ्या. कोणाशी वैर घ्यायचं ते कळत नाही." मी म्हटलं, "सर, तिला चांगलं कळतं. तिने निवडून घेतलंय."

वासंतीने वर्ग बंद केला नाही. तो उचलून नंदाखालला नेला. घराच्या पुढच्या पडवीत दोन बाकडी टाकली, वाडीतल्या केळीच्या खुंटांवरून येणारा गारवा आणि डास यांच्यात मुली बसू लागल्या. जागृतीला तिने तीन वर्षांच्या खऱ्या नर्सिंगच्या अभ्यासाला बसवलं. तिच्या आईला पटत नव्हतं. "परत त्याच लायनीत कशाला मॅडम? मासळीवर बसंल माज्यासंगं." वासंती तिला म्हणाली, "बसू दे की. पण हरून नको बसायला." जागृती परगावी गेली, वसतिगृहात राहिली, शिकून आली. आज ती एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे.

वासंतीला शेवटची भेटले ती पडवीतच. काही महिने तिला दम लागत होता, चालताना थांबावं लागायचं. तपासणीत हृदयाचं दुखणं निघालं होतं. मी गेले तेव्हा ती एका मुलीची वाक्यं तपासत होती. मी रागावले, आराम कर म्हटलं. ती म्हणाली, "हा आरामच आहे." चर्चची संध्याकाळची घंटा झाली तशा मुली उठल्या, सायकली काढून निघून गेल्या. मग आम्ही दोघीच उरलो. ती एकदम म्हणाली, "विजया, मी मेल्यावर मला साधी म्हणाले तर चालेल. भोळी म्हणाले तर तू उठून जा." मी म्हटलं, "उठून कशाला जाऊ? उभी राहीन." ती हसली. आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं की ते इतक्या लवकर...

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. जागृतीच्या त्या हॉस्पिटलचे तेच डॉक्टर आता संस्थेचे उपाध्यक्ष आहेत. तेच बोलायला उठले. आवाज तोच, मऊ. ते म्हणाले, "म्हात्रे मॅडम म्हणजे एक निष्पाप, भोळं व्यक्तिमत्त्व. त्यांच्या भोळेपणाचा काही जणांनी फायदाही घेतला. पण त्यांच्या मनात कोणाविषयी कटुता नव्हती." समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्या लोकांना सगळं ठाऊक होतं. मी ज्या रांगेत बसले होते त्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मी उभी राहिले. मला बोलायला सांगितलेलं नव्हतं. प्राचार्य, आता नवे आहेत, ते हळूच म्हणाले, "मॅडम, आज नको." मी म्हटलं, "आजच." माईक मिळाला नाही, तशीच बोलले. वर्गात बोलायची सवय आहे, आवाज जातो. मी म्हटलं, "वासंतीच्या मनात कटुता होती. ज्याविषयी असायला हवी त्याविषयी होती. तिचा फायदा कोणी घेतला नाही, तिने जे दिलं ते डोळे उघडे ठेवून दिलं. आणि ज्यांनी तिला आता भोळी म्हटलं, त्यांना हा शब्द कसा वापरायचा ते नीट माहीत आहे. यापूर्वी त्यांनी तो एका एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी इंग्रजीत वापरला होता. तेव्हा वासंतीने तो परत केला होता. आज ती नाही, म्हणून तिच्या वतीने मी परत करते." एवढंच बोलले आणि बसले. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. मग कोणीतरी दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणालं आणि सगळे घाईघाईने उभे राहिले.

बाहेर डॉक्टर माझ्याजवळ आले. हात जोडून म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. मी चांगलंच बोललो होतो." मी म्हटलं, "तेच तर." ते गाडीत बसून गेले.

मी घरी गेले नाही, नंदाखालची रिक्षा केली. रविवार होता. मला वाटलं होतं पडवी रिकामी असेल. मुली बसलेल्या होत्या. वासंती गेल्यावरही एक रविवार चुकला नव्हता, प्रसादच्या बायकोने सांगितलं. जागृतीची त्या दिवशी सुट्टी असते, ती येते आणि शिकवते. मी गेले तेव्हा ती फळ्यापाशी उभी होती. मला बघून तिने मुलींना लिहायला दिलं आणि शेजारी येऊन बसली. मी तिला सभेतलं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला एक गोष्ट माहीत नसेल. त्या दिवशी हॉस्पिटलातून निघालो आणि तुम्ही कॉलेजकडे वळलात. आम्ही तिघी रिक्षात होतो. म्हात्रे मॅडमनी मला विचारलं, 'आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी शब्द काढले. त्यांनी एक काढला, मी एक काढला. तुला कोणी विचारलंच नाही. तू काय होतीस तेव्हा?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, एकटी होते."

समोर एक मुलगी पेन्सिल चावत होती, जागृतीने तिला नजरेनेच थांबवलं.

"मॅडम खूप वेळ काही बोलल्याच नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं चुकलं. मग त्यांनी आईचा हात धरला आणि म्हणाल्या, 'हे आमच्या दोघांच्याही शब्दात नव्हतं.' त्यानंतर मला कधी एकटीला कुठे पाठवलं नाही त्यांनी. पोलीस ठाण्यात, कोर्टात, ॲडमिशनला. वसतिगृहात सोडायलासुद्धा आल्या होत्या. माझी गादी स्वतः घालून दिली आणि मगच परत गेल्या."

जागृती उठली, पुन्हा फळ्यापाशी गेली. मी तिथेच बसून राहिले, काळोख पडेपर्यंत. मुलींचं लिहून झालं तसं त्या एकेक करून वही घेऊन तिच्याकडे जात होत्या. शेवटी सगळ्या बाहेर पडल्या तेव्हा एक लहानशी मुलगी, नवी होती, फाटकापाशी घुटमळत राहिली. पुढची वाट वाडीतून जाते आणि दिवे नाहीत. जागृतीने पडवीतला दिवा मालवला, माझा निरोप घेतला, पायांत चपला सरकवल्या आणि त्या मुलीबरोबर चालू लागली.